विषय: सूत्रधाराशिवाय खेळणेबाबत

भूम या आमच्या तालुक्याच्या गावी, आमच्या घरी रविवारी दुपारी चौघं बसून आम्ही जो खेळ खेळतो, तो नेमका काय आहे हे शेजाऱ्यांना मी अजून समजावून सांगू शकलेलो नाही. पत्ते नाहीत, पैसे नाहीत, पट नाही. प्रत्येकानं मनानं एक माणूस रचायचा, त्याच्या वतीनं बोलायचं आणि अडलं की फासा टाकायचा. एकानं मात्र सूत्रधार व्हायचं. जंगल, किल्ला, राक्षस, वाटेवरचा चहावाला, सगळं त्यानं सांगायचं आणि आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागं टाकून आकडा तेवढा जाहीर करायचा. पुण्याला खात्याच्या प्रशिक्षणाला गेलो होतो तेव्हा रस्त्यावरच्या ढिगातून या खेळाचं जुनं इंग्रजी पुस्तक मी उचललं. पुस्तक मी आणलं, वाचलंही मीच, म्हणून सूत्रधारही मीच झालो, तो आजतागायत.

खेळाडू तीन. माझी बायको, आमच्या गल्लीत राहणाऱ्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आणि वाशीहून, म्हणजे मुंबईकडच्या नव्हे, आमच्या शेजारच्या तालुक्याच्या वाशीहून एसटीनं येणारे, माझ्यापेक्षा वयानं मोठे गुरुजी. तिघं मजेत किल्ले लुटतात. मी त्यांच्यासाठी किल्ले बांधतो, त्यात खजिने ठेवतो आणि मग त्यांच्या हाती लागलेले खजिने बघून त्यांच्याइतकाच आनंद झाल्याचं नाटक करतो. खरं सांगायचं तर मला एकदा तरी नुसतं खेळायचं होतं. पन्नाशीच्या जवळ आलेल्या कारकुनानं या गोष्टीसाठी मनातल्या मनात झुरावं हे शोभत नाही, पण झुरत होतो.

इतरांनी सूत्रधार होऊन बघितलं नाही असं नाही. बायकोनं एकदा सुरुवातीलाच सगळ्यांना राक्षसाच्या तोंडी दिलं आणि ती वरणाला फोडणी द्यायला उठून गेली. गुरुजींचा राक्षस नदीकाठी अडवून पाढे विचारायचा. सिस्टरांनी तर हात जोडले. ‘दादा, दिवसभर पेशंट सांभाळते. इथंबी सगळ्यांला मीच सांभाळू व्हय?’

तोवर माझा माणूस मात्र तयार होता. कुणी खेळू देईना तरी मी त्याला वर्षानुवर्षं रचत होतो. तो नावाडी होता. मी स्वतः नावेत कधी बसलेलो नाही, भूमला नाव चालवणार कुठं? पण त्याचा भूतकाळ मी इतका बारकाईनं लिहिला होता, की त्याच्या मामांचं बांधावरून कुणाशी वाजलं होतं हेही मला ठाऊक होतं.

मग बातमी आली, की खेळाची नवी आवृत्ती निघणार आहे आणि तिच्यात कोणते ऐच्छिक नियम असावेत हे प्रकाशक खेळाडूंनाच विचारताहेत. ऐच्छिक म्हणजे वाटलं तर घ्या, नाहीतर सोडा. जगभरच्या लोकांनी दोन-दोन ओळी लिहिल्या असतील. मी अर्ज लिहिला. ‘विषय: सूत्रधाराशिवाय खेळण्याचा ऐच्छिक नियम मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...’ तो सगळा मजकूर मोबाइलकडून इंग्रजीत करून घेतला आणि पाठवला. उत्तर आलं नाही. बायकोनं विचारलं तर मी सांगायचो, प्रकरण विचाराधीन आहे.

पुस्तक आलं आणि शेवटच्या पानांत तो नियम खरोखर होता. मी पुस्तक छातीशी धरून घरभर फिरलो. आपल्या अर्जाची दखल घेतली गेली असं जो भेटेल त्याला सांगितलं. गुरुजी म्हणाले, ‘साहेब, जगात तुमच्यासारखे लई असत्याल.’ मी ते मनावर घेतलं नाही.

नियम साधा होता. ज्याची पाळी, त्यानं फक्त आपल्या माणसाचं बोलायचं. त्याच्यापुढं काय वाढून ठेवलंय ते बाकीच्यांनी ठरवायचं. रविवारी मी पंगतीतल्यासारखा सकाळपासून तयार बसलो होतो. माझा नावाडी एका जुन्या दारापाशी पोचला. मी सुरू झालो, ‘दार सागवानी आहे, कडी गंजलीय, आतून वारा...’

‘थांबा,’ बायको म्हणाली. ‘दाराचं आमी बघतो. तुमचा माणूस काय करतो तेवढं सांगा.’

दारं, विहिरी, सराया, राक्षसांच्या सवयी, सगळं मला पाठ होतं. मामांचं भांडण माहीत होतं. पण तो नावाडी आत्ता काय करेल याचा मला पत्ता नव्हता. आजवर मला कुणी हे विचारलंच नव्हतं.

‘घरीबी असंच,’ बायको सिस्टरांना म्हणाली. ‘मेथी आणू का शेपू, तर म्हणत्यात तूच बघ.’

शेवटी मी दार ढकललं. तिघांनी डोकी जवळ आणून कुजबुज केली, आणि आत जे निघालं ते इतकं भयंकर होतं की मला खरंच भीती वाटली. मी विचारलं, ‘पळता येईल का?’ गुरुजींनी फासा पुढं केला. मी टाकला. सगळ्यात वाईट आकडा पडला. पहिल्याच दाराशी नावाडी मेला.

कुणी हसलं नाही. सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘दादा, फासा हातातून निसटला म्हणू. परत टाका.’

‘असं कसं?’ मी म्हणालो.

‘असं कसं म्हणजे?’ सिस्टर म्हणाल्या. ‘तुमीबी आमच्यासाठी तसंच करताव की. पुठ्ठ्याच्या आडोशामागं फासा टाकून भलताच आकडा सांगताव. तुमी सूत्रधार असताना आमचं कुणी कधी मेलं न्हाय, ते काय आमी शूर म्हणून?’

माझा समज असा होता, की हे या घरात फक्त मला माहीत आहे. इतकी वर्षं मी त्यांना सांभाळतोय असं वाटत होतं, आणि ही माणसं दर रविवारी माझा शब्द खरा धरून मला सांभाळत होती. डोळे भरून आले. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं, तेही त्यांना कळलं असणार.

‘मग आता?’ गुरुजी म्हणाले. ‘परत टाकताव, का बसताव सूत्रधार म्हणून?’

‘न्हाय,’ मी म्हणालो. ‘मेला तर मेला. नवा माणूस रचायला मला एक कोरा कागद द्या.’