प्लेटला डोळे आले

लॅबमधले किस्से बाहेर सांगायचे नाहीत असं आमचं दर वेळी ठरतं, आणि चहा आला की कोणीतरी सुरू करतंच! धुळ्यात देवपूरला आमची लॅब. खाण्यातून पोटात जाणारे जंतू वाढवायचे आणि ओळखायचे, हे आमचं काम. हसतो आम्ही खूप. पण खरं सांगू? मला भीती वाटते. घरी दीड वर्षाची मुलगी आहे. यातलं काही माझ्याबरोबर घरी गेलं तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

*

धरणगावच्या एका आबांना जुलाब लागलेले. चमचाभर नमुना आणा म्हटलं, तर श्रीखंडाचा डबा गच्च भरून आले!

"कमी पडाले नको ताई, बठ्ठं आनेल शे!"

आमच्या प्रशांतने डब्यावरचं 'श्रीखंड' वाचलं आणि तो चहाच्या फ्रिजमध्ये ठेवला, दुधाशेजारी. पुढे आठवडाभर कोणाचं पोट गुरगुरलं तरी बाकीचे खुर्च्या लांब सरकवायचे.

*

आमचे साहेब म्हणजे नाना. जळगावला एका शेतात भरीत पार्टी होती. सगळे तुटून पडलेले, आणि नाना कांद्याची पात हातात धरून विचारतात, "ही कोणत्या पाण्याने धुतली?"

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले!

यजमानांनी हात जोडले. "नाना, पुढच्या वर्षीही या, पण बोलू नका!"

हसता हसता मी माझी पात हळूच बाजूला ठेवली.

*

साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू आमच्या जंतू वाढवायच्या प्लेटवर वाढला की त्याच्या ठिपक्यांच्या मधोमध काळं पडतं, बुबुळासारखं. म्हणून आम्ही ओरडतो, "प्लेटला डोळे आले!"

एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने हे ऐकलं आणि गॉगल लावूनच आत आला. "मॅडम, साथ चालू आहे ना?"

*

मग माझ्या मुलीलाच ताप आणि जुलाब सुरू झाले. सासूबाईंनी तिला बाहेरची कुल्फी दिली असणार, अशी माझी खात्री! "नाही गं दिली," त्या रडकुंडीला येऊन सांगत होत्या.

नाना म्हणाले, "घरातल्या तिघींचे नमुने आण."

प्लेट्स नानांनी स्वतः बाहेर काढल्या. मुलीच्या प्लेटवर काळे डोळेच डोळे. सासूबाईंची प्लेट स्वच्छ निघाली.

तिसरी माझी. ती नानांनी उजेडात धरली, बराच वेळ बघितली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मुलीला भरवतं कोण?"

"मीच," मी म्हणाले.