उजवीकडची परात

लग्न करून नागपूरहून भोपाळला, तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले, तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी भरपूर होत्या: इतिहासाची एम.ए. आणि स्वतःबद्दलचे गैरसमज. गणपतीत मंडळाने बायकांना नाटुकलं बसवायला सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, सासू-सून करू. आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे मी, काढले प्राचीन ग्रीसचे भाडोत्री सैनिक! पगार मिळेल तिथे लढणारे. आज इजिप्तच्या राजाकडून, उद्या इराणच्या राजपुत्राकडून.

ढाली म्हणून घरोघरच्या पराती. तालमीत मी सगळ्यांना ओळीत उभं करून व्याख्यान झोडायची. "ढाल डाव्या हातात. अर्धी आपल्याला झाकते, अर्धी डावीकडच्या बाईला. म्हणजे आपली उजवी कूस उजवीकडचीच्या भरवशावर. ही माणसं तलवार विकायची, पण शेजारचा माणूस नाही!"

"रडवलंस गं," माझ्या उजवीकडची म्हणाली. खालच्या क्वार्टरमधली ती, भोपाळातली माझी पहिली मैत्रीण. माहेरच्या आठवणीने मी रडायची ते तिच्याच ओट्याशी.

प्रयोगाच्या संध्याकाळी ती आलीच नाही.

"ती नेहरू नगरच्या मंडळात गेली ना," एक काकू पदर खोचत म्हणाल्या. "राणीचं काम दिलंय. शालू, नथ, सगळं."

"कधी?"

"आठवडा झाला की तालमींना. तुला बोलली नाही?"

आठवडाभर ती इथेही परात धरून उभी होती. आणि मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दुसरी बाई उभी करायची, तर मी शहाणीने जाहीर केलं, "तिची जागा रिकामीच राहील!" राहिली. इराणी सैन्यातल्या काकूंची काठी थेट माझ्या उजव्या कुशीत बसली. मी जी हमसून रडायला लागले, ती पडदा पडेपर्यंत. पहिल्या रांगेतून दाद आली, "काय मरते हो पोरगी!"

आता आम्ही दोघी आज्या. ती नेहरू नगरात राहते, संध्याकाळी फिरायला सोबत असते. परवा मी विषय काढलाच.

"छोड ना यार," ती हसली. "नाटकच तर होतं!"

"हो गं, नाटकच," मी म्हटलं.

ती माझ्या उजवीकडे आली, तशी मी भाजीची पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.