ताई, नागीण आणि काउंटरमागचं पोस्टर

माझी बहीण अल्पशा आजाराने गेली नाही. तिला एचआयव्ही होता.

दरवर्षी आजच्या दिवशी मी ताईचा फोटो टाकतो, खाली "अल्पशा आजाराने" लिहितो, आणि तुम्ही हात जोडता. यंदा खरं लिहितोय.

भाचीला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "मामा, लिही. आईने काय पाप केलं होतं का?"

(भाचीची टेस्ट ताईचा रिपोर्ट आला तेव्हाच केली होती. निगेटिव्ह. त्या सगळ्यात तेवढं एकच चांगलं झालं.)

पिंपळगाव बसवंतला माझं मेडिकल. डी. फार्म.चं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं. निम्मं गाव डॉक्टरच्या आधी माझ्याकडे यायचं आणि मला त्याचा भारी माज होता.

ताई चार वर्षांनी मोठी. गावातच दिलेली. दाजी द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडे कामाला, सीझनमध्ये मालाबरोबर महिना महिना बाहेर. हसतमुख माणूस. मला आवडायचे. आजही त्यांना शिव्या घालायला बसलो की जमत नाही.

लग्नानंतर वर्षभरात ताईला आठ-दहा दिवस ताप आला होता. घसा धरलेला, मानेत गाठी, अंगावर बारीक पुरळ. मी तापाच्या गोळ्या दिल्या. उतरला.

तोच तो पहिला ताप होता का? आता कोण सांगणार.

त्यानंतर कितीतरी वर्षं काहीच नाही. ठणठणीत. मुलगी झाली, पॅकहाउसमध्ये द्राक्षाच्या पेट्या भरायला जायला लागली, हळदीत नाचली. आत काहीतरी चाललंय असं तिच्याकडे बघून देवालाही वाटलं नसतं.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिला नागीण झाली.

कमरेवर एका बाजूला पाण्याचे फोड, आगीसारखी जळजळ. तुम्हाला माहितीये आपल्याकडे काय करतात. नागिणीचं तोंड आणि शेपटी भिडली की माणूस जातो म्हणतात. म्हणून आळीतल्या नानांना बोलावलं. त्यांनी गेरू कालवला, मंत्र पुटपुटत फोडांच्या दोन्ही टोकांना रेघ ओढली.

गेरूची वाटी मीच धरली होती. मी, डी. फार्म.

आठ दिवसांत फोड सुकले. टोकं भिडली नाहीत. आईने नानांच्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाली, "पोर वाचली माझी." मीही सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्या दोन वर्षांत दाजी गेले. टीबीने. आम्ही सगळ्यांना एवढंच सांगितलं, कारण आम्हालाही एवढंच माहीत होतं. किंवा एवढंच माहीत करून घ्यायचं होतं.

मग ताईचं सुरू झालं. तोंड आलं, मी बी-कॉम्प्लेक्स दिलं. जिभेवर पांढरा थर, लावायचं औषध दिलं. जुलाब, बंद व्हायच्या गोळ्या दिल्या. वजन उतरलं, टॉनिक दिलं. प्रत्येक वेळी वेगळी बाटली. सगळं एकत्र ठेवून एकदाही बघितलं नाही.

माझ्या काउंटरमागे सरकारी पोस्टर होतं. एड्सची लक्षणं. कुणीतरी वाटून गेलं होतं, मी चिकटवलं होतं. मला वाटायचं, ते हायवेवर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी आहे.

एका दुपारी ताई स्टुलावर बसून ते वाचत होती. चौथीपर्यंत शिकलेली, एकेका शब्दावर बोट फिरवावं तसं वाचायची.

"महिनाभर जुलाब... वजन घटणं... तोंडात पांढरं..." मग माझ्याकडे वळून हसली. "राजू, हे तर लय जुळतंय रे माझ्याशी."

माझ्या मनात पाल चुकचुकली. खोटं नाही सांगत.

आणि मी म्हणालो, "गप गं. ते तसल्या बायांना होतं."

तिने टॉनिकची बाटली पदराखाली घेतली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी ते पोस्टर काढून टाकलं.

त्यानंतर ताईने तब्येतीबद्दल कधी विचारलं नाही. मी म्हणायचो, बरी दिसतेस. ती म्हणायची, "हाय की बरी." मला तेवढंच ऐकायचं होतं.

मानेतल्या गाठी सुजल्या, खोकला थांबेना, तेव्हा नाशिकला नेलं. रिपोर्ट आला, एचआयव्ही आणि टीबी. डॉक्टर चांगले होते, ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "आधी कधी नागीण झाली होती?"

"हो. तिसाव्या वर्षाच्या आत."

"तेव्हाच तपासायला हवं होतं. एवढ्या तरुण माणसाला नागीण झाली की आम्ही आधी ही टेस्ट करतो."

मला गेरूची वाटी दिसली.

एचआयव्हीच्या सरकारी गोळ्या तेव्हा नुकत्याच मिळायला लागल्या होत्या. सुरूही केल्या. पण टीबी मेंदूपर्यंत पोचला होता. मी हजार लोकांना औषधं देणारा माणूस, तिच्या कॉटशेजारी नुसता बसून राहायचो. सलाईनचे थेंब बघायचो. दुसरं येत काय होतं मला?

शुद्धीवर होती त्या शेवटच्या दिवसांत मी विचारलं, "ताई, एवढं होत होतं, बोलली का नाहीस गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मला त्या दिवशीच कळलं होतं, पोस्टर वाचलं तेव्हा. पण तू म्हणला ना, तसल्या बायांना होतं. मग मी कुणाला सांगू?"

मी तिचा हात धरला.

आता दुकानात तसलंच एक पोस्टर पुन्हा लावलंय. कुणी त्याच्यासमोर रेंगाळलं की मी हातातलं काम सोडतो आणि आतल्या खोलीत स्टूल देतो. तोंडातून एक शब्द काढायच्या आधी ऐकून घेतो.

त्याने तू परत येत नाहीस.

ताई, तू बरोबर ओळखलं होतंस.

तुझ्या राजूचा तुला नमस्कार. आणि माफी, उशिरा का होईना, सगळ्यांसमोर.