पाळकाच्या खुर्चीवरचा रुमाल

देवानंदभाऊंची आणि माझी पहिली भेट भद्रावतीच्या बसस्टँडवर झाली. ते ओरडले तेव्हा छपरावरची कबुतरं उडाली ती थेट वर्ध्यापर्यंत कुठे टेकली नाहीत, खाणीतून निघालेले कोळशाचे ट्रक जागच्या जागी थांबले आणि ताडोबात एका वाघाने झोपेत कूस बदलली, असं म्हणतात. मी मात्र कूस बदलू शकलो नाही, कारण तोवर माझी पिशवी खिडकीतून चंद्रपूरच्या गाडीत गेली होती.

"चढा भाऊ, जागा धरली तुमची!"

"अहो, मले कुठीच नाई जायचं. केळं घ्यायला आलो मी."

"स्टँडवर येऊन कुठीच नाई? असं कसं चालन?" असं म्हणून त्यांनी मला आत ढकललं. त्या दिवशी मी केळी चंद्रपूरहून आणली.

भाऊ या स्टँडवर कंट्रोलर होते. माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला कुठल्या गाडीत बसवायचं हे सांगण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच काम आमच्या छोट्या चर्चमध्ये सुरू केलं. देवाने प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या सेवेसाठी बोलावलेलं असतं, फक्त माणूस चुकीच्या फलाटावर उभा असतो, असं त्यांचं मत. एखाद्याची सेवा त्यांना उमगली की ते पुढच्या बाकावर आपला चौकड्यांचा रुमाल टाकत. मग तो माणूस येऊन बसेपर्यंत तिथे कोणी बसायचं नाही.

सगळे रुमाल बरोबर पडत असं नाही. पत्रूला त्यांनी आजाऱ्यांच्या भेटीला लावलं. पत्रू खाटेशेजारी बसून मायेने म्हणायचा, "आमच्या मोठ्या बाबालेबी हेच झालं होतं. आठ दिवसांत गेला बिचारा." दोन आजारी केवळ भीतीने बरे झाले. भाऊंनी चूक मान्य करून पत्रूला मयतीच्या व्यवस्थेवर बदलून दिलं. तिथे तो असा रमला, की आता त्याच्याशिवाय गावात कोणाला नीट पुरताच येत नाही. मलाही त्यांनी एकदा निरखून पाहिलं आणि सांगितलं, "तुमाले देवानं ऐकाले बोलावलं. गाऊ नका." गायकवृंदाने जाहीर आभार मानले.

पण खरी अडचण वेगळी होती. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बदलून गेले आणि जागा रिकामीच राहिली. वरिष्ठांचा निरोप आला: ईस्टरपर्यंत तुमच्यातलं कोणी पाळकाच्या शिक्षणाला तयार झालं तर थांबू, नाहीतर तुमचं चर्च चंद्रपूरच्या चर्चमध्ये सामील करू. भाऊंची झोप उडाली. त्यांचं लग्न आमच्या याच चर्चमध्ये झालं होतं, बायकोची शेवटची प्रार्थनाही तिथेच झाली होती.

"तुम्हीच व्हा ना पाळक," आम्ही म्हणालो.

"कंट्रोलर गाडी चालवते काय?"

पुढच्या रविवारी पाळकाच्या खुर्चीवर चौकड्यांचा रुमाल होता. इस्तारीभाऊ, आमचे वडीलधारे, तो उचलायला गेले.

"हात नका लावू! जागा धरली आहे."

"कोनासाठी?"

"रिंकूसाठी."

रिंकू म्हणजे आमच्यातलीच पोरगी, सिरोंच्याच्या गाडीवर कंडक्टर. तिचं म्हणणं स्वच्छ होतं. "भाऊ, मले पक्की नोकरी आहे."

"येशूच्या पेत्रालेबी होती. मासे धरत होता."

"त्याले पेन्शन होती काय?"

भाऊंनी उत्तरादाखल खुर्चीवरचा रुमाल नीट केला. चंद्रपूरहून अधूनमधून उपदेशाला पाहुणे पाळक येत. तेही एसटीनेच येत असल्यामुळे टाकलेला रुमाल उचलण्याची त्यांची छाती झाली नाही. ते बिचारे संपूर्ण उपासना उभे राहून घेत.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाहुणे आलेच नाहीत. मागचे बाक गच्च भरलेले, उपासना घ्यायला कोणी नाही. इतक्यात रिंकू ड्युटीवरून थेट खाकी कपड्यांतच आली. दाराशी गिरजाआजी काठीवर भार टाकून उभ्या होत्या आणि समोर खुर्ची रिकामी होती. कंडक्टरला हे कसं बघवणार?

"कोनाचा रुमाल आहे? माणूस आहे का सोबत?"

"तुयाच हाय," भाऊ हळूच म्हणाले.

"मग मी कोनालेबी बसवीन." तिने रुमाल उचलला आणि गिरजाआजींना पाळकाच्या खुर्चीत बसवलं. इस्तारीभाऊंनी डोळे मिटून घेतले. मग ती वळली. "मागचे समोर सरका! समोर जागा आहे!"

वर्षानुवर्षं मागच्या बाकांना चिकटलेले आम्ही मुकाट्याने पुढे सरकलो. कोणत्याही उपदेशाने हे झालं नव्हतं. मधल्या वाटेने फिरताना ती एकेकाला विचारत होती, "काका, नागपूरच्या डाक्टरनं काय सांगितलं? मावशे, पोरगी नांदाले गेली का? त्या दिवशी गाडीत लय रडत होती तू." जिला विचारलं ती पुन्हा रडली, पण या वेळी शेजारणीने तिचा हात धरला. मग रिंकू म्हणाली, "आता सगळे बसले. प्रार्थना करू." आणि तिनेच केली.

संपल्यावर तिने रुमालाची घडी केली. "भाऊ, पेन्शनचं काय ते तुम्ही माया घरी सांगजा," ती म्हणाली.

ती शिकायला निघाली त्या दिवशी भाऊंनी खिडकीतून तिची जागा धरली. गाडी गेल्यावर मी विचारलं, "यात तुमाले काय भेटलं, भाऊ?"

"कंट्रोलरले काय भेटते? गाडी बरोबर निघाली का बरं वाटते." आणि नाक शिंकरायला त्यांना रुमाल सापडेना, कारण तो गाडीतच गेला होता.

शिक्षण संपवून रिंकूबाई पाळक झाल्या. गाडीवर राहून त्यांना तेलुगू चांगलं येतं म्हणून त्यांची नेमणूक तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याला झाली. आमची खुर्ची रिकामीच राहिली, म्हणून आमचं चर्च त्याच पावसाळ्यात चंद्रपूरच्या चर्चमध्ये सामील केलं. देवानंदभाऊ दर रविवारी सकाळच्या गाडीने तिकडे जातात. ती गाडी भद्रावतीला येईपर्यंत भरलेली असते, त्यामुळे ते उभ्याने जातात.