मुहूर्ताआधीची वाजंत्री

जाईचं लग्न गुरुजींनी लावलं नाही, मी लावलं; तेही मुहूर्ताच्या आधी.

व्हिडिओ कॉलवर तुम्हाला प्रत्येकाने वेगळी हकिकत ऐकवली आहे, तुमच्या आजोबांनी तर अभिनयासह. म्हणून मुलांनो, खरं काय झालं ते मीच क्रमाने लिहून पाठवते. मला क्रम आवडतो. तयारी आधी करून ठेवायला तर फारच आवडते. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

तुमच्या बाबाने मागच्या खेपेला मला कीबोर्ड आणून दिला. "आई, आता तरी स्वतःसाठी काहीतरी शिक ना," म्हणाला. हा साधा कीबोर्ड नव्हे, अरेंजर कीबोर्ड. उजव्या हाताने गाणं वाजवायचं, डाव्या हाताने डावीकडच्या पट्ट्या दाबायच्या, की आतून ढोलक, गिटार, व्हायोलिन असा सगळा ताफा आपोआप साथीला येतो. उभी हयात कॉलेजच्या लायब्ररीत, 'शांतता राखा'च्या पाटीखाली काढलेल्या बाईच्या हाती एकदम वीस माणसांचा वाद्यवृंद!

मी शिस्तीत शिकले. पट्ट्यांवर रंगीत चिकट्या लावल्या. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हेडफोन घालून सराव केला. आजोबांना आवाज ऐकू यायचा नाही, नुसती बोटं दिसायची. ते जाता-येता विचारायचे, टायपिंगची परीक्षा कधी आहे? एकदा हेडफोनची पिन निघाली आणि त्यांनी माझी भूपाळी ऐकली. यंत्रातले देशी ताल मला तोवर सापडले नव्हते, त्यामुळे भूपाळी जरा डिस्कोच्या अंगाने गेली होती. "देव उठला," आजोबा म्हणाले, "आणि घर सोडून गेला."

या यंत्रावर एक बटण आहे. ते दाबलं की लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग डावीकडच्या पट्टीला नुसतं बोट लागायचा अवकाश, सगळा ताफा एकदम सुटतो. हे बटण मला मनापासून पटलं. तयारी आधी, काम नंतर.

तर जाईचं लग्न ठरलं. जाई म्हणजे तुमच्या कुसुमआत्याआजीची नात. कुसुमआत्याआजी ही आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. आपल्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नात वन्संनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक स्वतः म्हटलेलं आहे. त्यात नवरा-नवरीची, आईवडिलांची, आजीआजोबांची नावं अशी बसवतात की ऐकताना वाटावं, देवाने ही माणसं वृत्तात बसावीत म्हणूनच जन्माला घातली. जाई त्यांची शेवटची लग्नाची नात. शिवाय तिच्या आजोबांना हे लग्न बघायचं होतं आणि ते राहून गेलं. म्हणून वन्संनी शेवटच्या ओळीत त्यांना आणून बसवलं होतं. ती ओळ त्यांनी कुणालाही ऐकवली नव्हती. "मांडवातच म्हणेन," एवढंच सांगत.

पण वन्संना आताशा दम लागतो. जाईचा मला बोरीवलीहून फोन आला, "मामीआजी, तू कीबोर्डवर मागे सूर धरशील? आजीला तेवढाच आधार होईल." मी हो म्हणायच्या आत फोन वन्संनी घेतला.

"सुलभा, नुसता सूर हं. ढोलकी वाजली तर मी तुला ओळखत नाही."

एवढ्यावर थांबले असते तर! पण जाईचा बाबा, आपला सुनील, म्हणाला, "मामी, शेवटच्या सावधानला सनई-ताशाही तूच वाजव. झकास होईल." मला शिकून वर्षही झालं नव्हतं आणि मला लग्नाची वाजंत्री मिळाली. मी महिनाभर हवेत होते.

लग्न आपल्या मुलुंडमधल्याच हॉलमध्ये होतं. मी सगळ्यांच्या आधी पोचले. कीबोर्ड मांडवाशेजारी लावला, प्लग जोडला. वीज गेली तर पंचाईत नको म्हणून आत सेलही भरले. ऐनवेळी धांदल नको म्हणून सनई-ताशाचा ताल निवडून ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि ते लाल दिव्याचं बटणही दाबून ठेवलं. डावा हात मांडीवर ठेवायचा आणि शेवटच्या सावधानला खाली आणायचा, झालं. माझी तयारी बघून आजोबा म्हणाले, "वा, रॉकेट सोडतायत जणू." मला ते कौतुक वाटलं.

अंतरपाट धरला गेला. पहिलं मंगलाष्टक गुरुजींनी म्हटलं. मी उजव्या हाताने सा धरून बसले होते, अगदी स्थिर. दुसरं नवऱ्यामुलाच्या मावशीने सुरू केलं. त्यानंतरचं वन्संचं होतं. त्या माइकपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात कागद नाही, डोळे मिटलेले. आणि तेवढ्यात अक्षतांचं तबक माझ्यापर्यंत आलं. माझा डावा हात रिकामा बघून आजोबांनी त्यात मूठभर अक्षता दिल्या.

मावशींचं 'शुभमंगल सावधान' झालं. आता मला सांगा, नवरा-नवरीवर डाव्या हाताने अक्षता टाकायच्या? माझ्या आईने मला असं वाढवलेलं नाही. मी क्षणभर विचार केला आणि अत्यंत व्यवस्थितपणे हात बदलले. अक्षता उजव्या हातात घेतल्या. सूर तुटू नये म्हणून सा डाव्या हाताने धरला. डावीकडच्या पट्टीवर.

ताफा सुटला.

सनई, ताशा, झांजा, सगळं एकदम, पूर्ण आवाजात. आपल्याकडे वाजंत्री वाजली म्हणजे लग्न लागलं, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. हॉलमधल्या सगळ्यांनी हातातल्या सगळ्या अक्षता उधळल्या. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो सोडून दिला. जाईने माळ घातली, नवऱ्यामुलाने घातली, फोटोवाल्यांनी गराडा घातला. आणि मागच्या चार रांगा टाळ्या वाजवत, एकमेकांचं अभिनंदन करत, जेवणाकडे चालू लागल्या. गुरुजी माइकवरून ओरडत होते, "अहो, थांबा, मुहूर्त व्हायचाय!" पण माझी सनई त्यांच्याहून वरचढ होती.

मी घाईघाईने बंद करायचं बटण दाबलं. ते शेजारचं निघालं. ताशा दुप्पट झाला. पुन्हा दाबलं, लय वाढली. आजोबांनी धावत जाऊन प्लग उपटला. काही फरक पडला नाही (सेल भरले होते ना!). शेवटी नवरामुलगा गळ्यात माळ घेऊन मांडवातून खाली उतरला. "नवरदेव, पाटावरून हलू नका," गुरुजी कळवळले. त्याने माझ्या हाताखालचं एक बटण दाबलं. शांतता पसरली.

"मामीआजी, बंद करायचं हे," तो हळूच म्हणाला. मुलगा गुणी आहे.

त्या शांततेत मला वन्सं दिसल्या. माइकपाशी तशाच उभ्या. डोळे आता उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. खाली पडलेल्या अंतरपाटाकडे बघत होत्या. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मुलाची आई म्हणाली, माळा पडल्या, आता उलटं कशाला जायचं? गुरुजी म्हणाले, "लग्न मंत्राने लागतं हो, बॅटरीवर नाही." चर्चा रंगणार तेवढ्यात जाईने आपली माळ काढून ताटात ठेवली.

"अंतरपाट धरा. माझ्या आजीचं म्हणून व्हायचंय."

वाद मिटला. अक्षता संपल्या होत्या, म्हणून स्वयंपाकघरातून तांदूळ आणून त्यांना कुंकू लावलं. जेवणाच्या रांगेतून माणसं परत बोलावली. त्यातली बरीच हातात भरलेली ताटं घेऊनच आली. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून कीबोर्डपासून चांगली लांब उभी राहिले.

वन्संनी सुरू केलं. आवाज थोडा कापरा होता, पण शब्द लख्ख. एकेक नाव आपापल्या जागी येऊन बसत होतं. शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या. दम लागला असेल; किंवा नसेलही. हॉलमध्ये कुणी घास चावत नव्हतं. वन्संनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"सुलभा, सूर दे. उजव्या हाताने. एका बोटाने."

मी पुढे झाले. एका बोटाने सा दिला. आयुष्यात मी इतकं सांभाळून कशालाही हात लावलेला नाही, तुमचा बाबा जन्मला तेव्हा त्यालासुद्धा.

'आजोबा वरुनी तुला बघति गे, जाई सुखी हो सदा!'

सावधान झालं. गुरुजींनी घड्याळ बघून मान डोलावली आणि मग बिचाऱ्यांनी, सवयीने, वाजंत्रीसाठी माझ्याकडे बघितलं. सगळ्या हॉलने बघितलं. मी बोट उचललं आणि पुन्हा हात पाठीमागे नेले. शेवटी ताटं घेऊन उभ्या असलेल्या मंडळींनीच चमचे बडवले. जाईचं दुसरं आणि खरं लग्न स्टीलच्या गजरात लागलं, आणि ताल, मला मान्य आहे, माझ्यापेक्षा बरा होता.

वन्संनी मला क्षमा केली आहे. मागच्या आठवड्यात सुनीलच्या साडूकडे लग्न होतं, तर मला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला तुमचे आजोबा. मंगलाष्टकं सुरू झाली तशी दोघांनी माझा एकेक हात घट्ट धरून ठेवला, तो थेट वाजंत्री वाजून संपेपर्यंत. मागच्या बायका म्हणत होत्या, या वयातसुद्धा किती माया आहे हो एकमेकांवर!