बिननावाचं वॉशिंग मशीन

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू वेळेवर टाकली नाही, एकही वस्तू वेळेवर दुरुस्त केली नाही, आणि या दोहोंच्या मधला जो काळ असतो, त्या काळात ती वस्तू नेहमी आमच्या घरी ठेवली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची हयात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी नाशिकरोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिसरा मजला ताईंनी मुद्दाम निवडला होता. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि जिन्यावरून जड असं काही वर चढू नये एवढाच त्यामागचा विचार होता. ताईंचा हा विचार अगदी बरोबर ठरला. फक्त त्याचे परिणाम आम्हाला भोगावे लागले, कारण इंदिरानगरात आमचं रो-हाउस होतं, त्याच्या मागे फरशी घातलेली मोकळी जागा होती, आणि माझ्या बायकोला दाजींना कशालाही नाही म्हणता येत नव्हतं.

दाजींना वस्तू नुसत्या जमवायच्या नसायच्या, त्यांना त्यांची ओळख पटवायची असायची. कोणी केली, कुठल्या गावची, कुठल्या कारखान्यातून आली, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढपी मठ्ठा घेऊन यायचा, तेव्हा दाजींची वाटी उलटी असायची, कारण ते तळाचा शिक्का वाचत असायचे. माझ्या साहेबांच्या घरी मी त्यांना एकदाच नेलं. चहा येईपर्यंत ते फ्रिजमागे गेले होते, आणि बाहेर आले तेव्हा शर्टाला जळमटं लागली होती आणि चेहऱ्यावर समाधान होतं. आमच्या बैठकीतल्या पंख्याकडे पाहून त्यांनी एकदा जाहीर केलं, "हा इथला नव्हे. बेअरिंगचा आवाज ऐका. हा बोटीने आलाय." पुढे कित्येक वर्षं मी आल्यागेल्याला तो पंखा अभिमानाने दाखवला. मग एका उन्हाळ्यात वायरमनने तो खाली काढला, तर आत सातपूरच्या कारखान्याचं स्टिकर. मी ते दाजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाले, "स्टिकर नंतर लावलंय."

गंगापूर रोडवरचे जुने बंगले पाडून तिथे इमारती उठायला लागल्या, ते दिवस दाजींचे सर्वांत सुखाचे आणि आमचे सर्वांत कठीण. दाजी रोज स्कूटरवरून तिकडे चक्कर मारायचे. एका सकाळी मी दाढी करत होतो, तोच तिकडच्या एका पीसीओवरून त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, आहात तसे निघा. जीव वाचवायचाय." मी आहे तसा निघालो, म्हणजे अर्ध्या गालाला साबण आणि पायात बायकोच्या चपला. वाटेत मनात नको नको ते येऊन गेलं. पोचलो तेव्हा अर्धवट पाडलेल्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात दाजी वॉशिंग मशीनला मिठी मारून उभे होते आणि समोर एक भंगारवाला घण टेकवून बसला होता.

"बाबा सोडत नाय," तो मला म्हणाला. "लय जड हाय, फोडूनच न्यावं लागंल. मी काय चुकीचं बोलतोय का?"

तो काहीच चुकीचं बोलत नव्हता. मशीन कमरेइतकं उंच, एके काळी पांढरं असावं असं, वरून झाकण उघडायचं, आणि आत मधोमध ताकाच्या रवीसारखा एक जाड दांडा. दाजींनी मला त्याच्याभोवती दोनदा फिरवलं. "पाटी दिसते का कुठे?" मी म्हटलं, नाही. "नाहीच आहे. काढलेली नाही, मुळातच नाही. भोकंसुद्धा नाहीत स्क्रूची. म्हणजे किती मोठी कंपनी असेल बघा. मोठ्या माणसाला कुठे नाव सांगावं लागतं?" शेवटी स्कूटरची स्टेपनी भंगारवाल्याच्या हवाली करून दाजींनी मशीन सोडवलं. टेम्पो आधी नाशिकरोडला गेला. ताई गॅलरीत आल्या, खाली पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "तिकडे न्या." तिकडे म्हणजे कुठे, हे टेम्पोवाल्यालाही सांगावं लागलं नाही. आमच्याकडे तो याआधी येऊन गेला होता.

त्यानंतर रविवार हा वार आमच्या घरातून गेला. सकाळी दाजी बॅटरी, आरसा आणि रॉकेलचा बोळा घेऊन यायचे आणि मागच्या फरशीवर पालथे पडायचे. आधी मशीन अमेरिकन ठरलं, कारण स्क्रूचे आटे इंचाच्या मापाचे होते. मग पिंपाची जाडी मोजल्यावर ते जर्मन झालं. मोटरवर काहीतरी कोरलेलं सापडलं तेव्हा ते जपानी झालं आणि चांगलं महिनाभर जपानीच राहिलं. ती अक्षरं नसून पान्याचे ओरखडे आहेत हे माझ्या बायकोने नुसतं पाहून सांगितलं, तेव्हा दाजींनी दोन दिवस अन्नाला शिवायचं सोडलं. ओळख पटवायला ते माणसं आणायचे. वीज केंद्रातले जुने सहकारी आले, भद्रकालीतला रेडिओ दुरुस्त करणारा आला, दिंडोरीकडचा एक द्राक्षवाला आला, कारण त्याच्या फवारणीच्या पंपाची मोटर अशीच होती. सगळे पालथे पडायचे, सगळे चहा प्यायचे, आणि जाताना प्रत्येक जण नवा देश सांगून जायचा. आमच्या मुलीला पाहायला मंडळी आली त्या दिवशी मी दाजींना येऊ नका असं हात जोडून सांगितलं होतं. ते आले. मुलाचे काका हात धुवायला मागे गेले ते परतेनात, म्हणून मी पाहायला गेलो, तर दाजींनी त्यांना फरशीवर आडवं केलं होतं आणि दोघं मिळून खालून बॅटरी मारत होते. ते स्थळ जमलं नाही. काका मात्र पुढच्या रविवारी पुन्हा आले, मशीन पाहायला.

पण माझा संयम सुटला तो चैत्रात. मशीन चालू करून पाहिल्याशिवाय त्याचा स्वभाव कळणार नाही, असं दाजींनी ठरवलं. पाणी भरलं, दोन गोधड्या टाकल्या, बटण दाबलं. मशीन आधी कण्हलं, मग थरथरलं, आणि मग सरळ चालायला लागलं. आपली वायर आणि नळी ओढत ते अंगणाच्या कडेच्या बुटक्या भिंतीकडे निघालं. दाजी त्याच्या मागून "अहो, थांबा, थांबा" म्हणत धावत होते, जसं काही ते पाहुणे होते आणि न जेवता निघाले होते. भिंतीला धडकून ते कलंडलं आणि सगळं साबणाचं पाणी पलीकडे जोशीकाकूंच्या कुरडयांवर गेलं. काकूंनी पहाटेपासून घातलेल्या त्या कुरडया खाटेवर वाळत होत्या. काकू बाहेर आल्या, कुरडयांवरचा फेस पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या मशीनच्या कंपनीचं नाव कळलं की मला सांगा. मला तक्रार करायची आहे."

संध्याकाळी मी दाजींना सांगितलं, अक्षय्य तृतीयेच्या आत हे इथून हललं पाहिजे. दाजी म्हणाले, "नाव न कळता बाहेर काढलं, तर ते बेवारस ठरेल."

"दाजी, ते बेवारसच आहे," मी म्हणालो. "आणि नाव कळून काय होणार आहे? कोणाला हवंय ते?"

 दाजींनी बॅटरी पिशवीत टाकली, आरसा रुमालात गुंडाळला आणि चहा न घेता गेले. पुढचे काही रविवार ते आलेच नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोपलो. बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. ताईंचा फोन यायचा तो तिलाच, आणि बोलताना ती दार लोटून घ्यायची. एकदा जेवताना ती एवढंच म्हणाली, "ताई सांगत होती, ते गॅलरीत बसून असतात. स्कूटर काढत नाहीत." मी भात कालवत राहिलो. मशीन मागे तसंच होतं. भंगारवाल्याला बोलवायचं मी दोनतीनदा ठरवलं, पण का कोण जाणे, बोलावलं नाही.

अशात एक दिवस एका बाईंचा फोन आला. "आमचं मशीन सांभाळलंय ते तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. गंगापूर रोडच्या त्या बंगल्याच्या मालकांची ही मुलगी. राहायला पुण्याला, जागा शेवटची पाहायला आली होती. बांधकामावरच्या वॉचमनने तिला नंबर दिला होता. दाजींनी मला न विचारता आमचा नंबर त्याला देऊन ठेवला होता, आणि कोणी घरचं माणूस आलं तर कळव म्हणून बजावलं होतं. मी रिसीव्हर ठेवला, गाडी काढली आणि नाशिकरोडला जाऊन दाजींना घेऊन आलो.  वाटेत द्वारका चौक ओलांडल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "वायर गुंडाळून ठेवली होती ना? उंदीर कुरतडतात." मी हो म्हणालो. मी खरोखरच गुंडाळून ठेवली होती.

बाई साठीच्या पुढच्या होत्या.  मागच्या अंगणात येताच पुढे होऊन त्यांनी झाकणाच्या पितळी मुठीला हात लावला. ही मूठ फ्रान्सची असावी, असं दाजींचं शेवटचं मत होतं.

"ही माझ्या कपाटाची आहे," त्या म्हणाल्या. "मी शाळेत होते. बाबांनी एक दिवस कपाटाचीच काढून इथे बसवली. मी किती रडले होते."

दाजी पुढे सरकले. "कंपनी कुठली?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, जशी एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी.

"कंपनी नाही हो. बाबांनी केलंय हे. त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. स्टोव्हचा भडका उडून आईचा उजवा हात भाजला. तिला पिळे पिळता येईनात, आणि बाईकडून कपडे धुऊन घेणं तिला पटेना. मग बाबांनी पिंप कुठल्याशा हॉटेलातून आणलं, मोटर लेथची, बाकीचं मिळेल तिथून. पहिली कितीतरी वर्षं ते बिघडतच होतं. आई म्हणायची, हाताने धुतलं असतं तर बरं. पण वापरायची." मग त्यांनी विचारलं, "चालतं का अजून?"

"चालतं," दाजी म्हणाले. "म्हणजे, चालतच जातं."

बाई हसल्या. "मग तुम्ही त्यावर बसत नाही वाटतं. बाबा झाकणावर बसायचे, पेपर वाचत. तेवढाच वेळ ते घरात एका जागी सापडायचे. आईला त्यांच्याशी जे काही बोलायचं असेल ते ती तेव्हाच बोलून घ्यायची."

माझ्या बायकोने खिडकीचे पडदे काढून आणले. पाणी भरलं. दाजी झाकणावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फोटोला बसल्यासारखे. बटण दाबलं. मशीन कण्हलं, थरथरलं, आणि जागच्या जागी घुसळायला लागलं. दाजींचे गाल हलत होते, चष्मा हळूहळू नाकावर घसरत होता. भिंतीपलीकडे जोशीकाकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाई डोळे मिटून तो आवाज ऐकत होत्या. 

जाताना त्या म्हणाल्या, माझ्या फ्लॅटमध्ये याला जागा नाही, तुम्हीच ठेवा. दाजींनी मान डोलावली. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, ती पितळी मूठ सोडवली, चष्म्यासारखी जपून रुमालाने पुसली आणि त्यांच्या हातात दिली. हातात आलेली वस्तू दाजींनी दुसऱ्याला दिलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती. बाई नको म्हणाल्या, आणि मग त्यांनी ती पर्समध्ये ठेवली.

त्याच आठवड्यात दाजी टेम्पो घेऊन आले. चार हमालांनी ते धूड तिसऱ्या मजल्यावर चढवलं. मी तिथे होतो. ताईंनी दार उघडलं, एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा दाजींकडे पाहिलं, आणि गॅलरीतल्या तुळशीच्या आणि कोरफडीच्या कुंड्या आत सरकवून जागा केली. त्यानंतर दाजींनी आमच्याकडे काहीही आणून ठेवलं नाही. मी त्यांच्याकडे जायचो तेव्हा कधी कधी ते झाकणावर बसलेले असायचे, पेपर थरथरत असायचा, आणि ताई समोर स्टुलावर बसून भाजी निवडत त्यांना भावाबहिणींची, लग्नकार्यांची, औषधांची काय काय सांगत असायच्या. पळून जायची सोय नसल्यामुळे दाजी सगळं ऐकत असायचे.

काही वर्षांनी दाजी गेले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, त्यांचा मुलगा बंगळूरला परत गेला. जाताना तो म्हणाला होता, आई, हे काढून टाकू, नवं पाठवतो, आपोआप चालणारं. ताई बघू म्हणाल्या. काही दिवसांनी मी सहज म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. गॅलरीच्या कोपऱ्यात चादरींचा, पांघरुणांचा मोठा ढीग पडला होता, आलेल्या पाहुण्यांनी वापरलेला.

"बंद पडलंय का?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "बसायला कोणी नाही."

मी बूट काढले. ताईंनी दोन चादरी आत टाकल्या, साबण घातला, पाणी सोडलं. मी झाकणावर चढून बसलो. त्यांनी टीपॉयवरचा पेपर आणून माझ्या हातात दिला, स्टूल ओढून समोर बसल्या, आणि बटण दाबलं.