रोज दहा चाळीसचा पक्षी

“हे माणसाचं काम नाही. आपल्याकडे माणूस इतका वक्तशीर नसतो,” आमचे ग्रुप हेड स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले.

वीजव्यवस्थेवर कुणी कॉम्प्युटरवरून हल्ला केला तर तो कसा ओळखायचा, यावर आमच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत संशोधन चालतं. त्यासाठी काही सबस्टेशनांत आम्ही नोंदी घेणारी यंत्रं बसवली होती. एक बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. तिथला एक फीडर, म्हणजे सबस्टेशनातून गावांकडे वीज नेणारी लाइन, रोज सकाळी दहा चाळीसला बंद पडायचा आणि वीस मिनिटांनी सुरू व्हायचा. लोडशेडिंगच्या वेळापत्रकात ती वेळ नव्हती. तिथल्या लॉगबुकात कारण एकच लिहिलेलं: ‘पक्षी’. पक्ष्याचे पंख दोन तारांना एकदम लागले की लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, हे खरं आहे. पण रविवारीही ड्यूटीवर येणारा पक्षी आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.

तीन मीटिंगा झाल्या. पहिलीत नुसती शंका होती, दुसरीत ती ‘संशयित हल्ला’ झाली आणि तिसरीत तिच्यावर रिसर्च पेपर लिहायचं ठरलं. सबस्टेशनला एक फोन करू या, असं मी सुचवलं. हेड म्हणाले, हल्लेखोर सावध होईल. शेवटी मलाच पाठवलं. देशाची सुरक्षा धोक्यात होती, पण गाडीची मंजुरी आली नव्हती. म्हणून केजपर्यंत एसटी आणि पुढे काळीपिवळी जीप, चौदा माणसं आणि एका कोंबडीसह.

दत्ता नावाचा कंत्राटी ऑपरेटर ड्यूटीवर होता. त्यानं चहा दिला. बरोबर दहा चाळीसला त्याचा मोबाइल एकदा वाजून थांबला. तो उठला, ब्रेकरचं हँडल फिरवून फीडर बंद केला आणि लॉगबुकात ‘पक्षी’ लिहिलं. सगळं माझ्यादेखत.

“हे काय केलंत?” मी विचारलं.

“बिरूमामा तारंखाली आलाय, मॅडम. एक मिस कॉल आला की बंद, दोन आले की चालू.”

मग त्यानं सगळं सांगितलं. ओढ्याकाठी एक खांब कलला होता आणि तार लोंबत होती. बिरूमामा मेंढपाळ. मेंढरांना पाण्यावर आणायची त्याची वेळ घड्याळाला बांधलेली, आणि तेव्हाच टोकाला विळा बांधलेल्या लांब बांबूनं तो त्यांच्यासाठी तिथल्या बाभळीचा पाला पाडायचा. मागल्या साली त्याच्या भावाचा बांबू तारेला लागला. महिनाभर तो अंबाजोगाईला दवाखान्यात होता. वाचला, पण उजवा हात काढावा लागला. नव्या खांबासाठी अर्जांवर अर्ज झाले. साहेब येऊन बघून गेले. मंजुरी काही आली नाही.

“परवानगीबिगर लाइन बंद केली असं खरं लिवलं तर मला काढत्यात,” दत्ता म्हणाला. “चालूच ठिवली तर मामा मरतोय. मंग पक्षी लिवला.”

मी ओढ्याकडे चालत गेले. तार पाहून माझे हात आपोआप अंगाशी आले. मेंढरांच्या मधोमध बिरूमामा उभा होता. कोण, कुठून आले ते मी सांगितलं. तो माझ्या मागं रस्त्याकडे बघत म्हणाला, “पुण्याहून आलाव व्हय? मंग खांब कुठंय?”

मी हेडना फोन केला. हल्लेखोर मेंढपाळ निघाला म्हटल्यावर ते थोडे नाराज झाले, पण लगेच सावरले. म्हणाले, मग हा इनसायडर थ्रेट, म्हणजे आतल्या माणसाकडून धोका. त्या ऑपरेटरचं नाव रिपोर्टमध्ये टाका. शिवाय हँडलला रिमोट लॉक सुचवा, म्हणजे वरच्या परवानगीशिवाय फीडर बंदच करता येणार नाही.

नावानं दत्ताची नोकरी गेली असती आणि लॉकनं बिरूमामाचा जीव. मला संताप आला. पण सरकारी नोकरीत संताप रिपोर्टच्या भाषेतच लिहावा लागतो. मी लिहिलं: ‘कोणतीही व्यक्ती साध्या बांबूच्या साहाय्याने उच्चदाब वाहिनीपर्यंत पोहोचू शकते. शत्रूने याचा लाभ घेतल्यास तालुक्याचा वीजपुरवठा खंडित होण्याचा धोका संभवतो. सद्यस्थितीत स्थानिक देखरेखीमुळे हा धोका नियंत्रणात असून ती देखरेख चालू ठेवावी.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दत्ताचं नाव नव्हतं, लॉकही नव्हतं. वर ‘गोपनीय’ असा शिक्का मारला, म्हणजे सगळे वाचतील.

रिपोर्ट वर गेल्यापासून नवव्या दिवशी दत्ताचा फोन आला. सकाळीच क्रेन आली होती. दोन नवे खांब उभे राहिले, तार ताणून वर गेली. बंदोबस्ताला पोलीससुद्धा होते, कशाचा बंदोबस्त ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मामा खूश होता आणि दत्ताची नोकरी शाबूत होती.

“पर मामाचा भाऊ सकाळधरनं खांबापशी उभा हाय,” तो म्हणाला. “मॅडमला इचार म्हणतोय, मागल्या सालीच असं कावून न्हाई लिवलं?”

मागल्या साली त्या तारेखाली नुसता माणूस होता. शत्रू कुणाला सुचला नव्हता.